'भजी'नंतर 'काकू'

मांजर गेलं म्हणून ऑफिसात रजा टाकता येते का हो? मी टाकली. कारणाच्या रकान्यात 'फॅमिली इमर्जन्सी' लिहिलं आणि ते खोटं आहे असं क्षणभरही वाटलं नाही.

भजी आमच्याकडे जेमतेम महिनाभर होती. भुकूमच्या ऐन पावसात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी बाइकखाली भिजून ओरडत होती. दीड महिन्याचं नारिंगी पिल्लू. घरात कांदाभजी तळणं चालू होतं, त्यामुळे नावाचा प्रश्न मिटला. दोन महिन्यांची झाल्यावर लसीचा पहिला डोस दिला. दहा-बारा दिवसांनी तिने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. रात्री टोपलीत घालून भूगाव, चांदणी चौक करत कोथरूड गाठलं. निदान झालं पॅनल्यूकोपेनिया. तिसऱ्या दिवशी भजी गेली.

"पण डोस झाला होता ना?" हे मी डॉक्टरांना तीनतीनदा विचारलं. त्यांनीही तीनदा समजावलं. पिल्लाला आईच्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते, तीच कधीकधी लसीला दाद देत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. आईचं कवच उतरलंय आणि लसीचं अजून चढलं नाहीये, अशा मधल्या फटीत रोग शिरतो. भजी त्या फटीत सापडली.

आईचा फोन आला. "अगं, महिन्याभराचं मांजर ते. दुसरं आण." शेजारच्या विंगमधूनही दोन पिल्लांची ऑफर आली. लोक प्रेमानेच म्हणत होते, पण रडण्याचा कोटा सहवासाच्या दिवसांवर ठरतो, हे काही मला पटेना.

सुटका केली ती डॉक्टरांनी. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण घरात वर्षभर टिकून राहू शकतो. म्हणजे पिल्लू इतक्यात नाहीच. सगळे डोस झालेलं मोठं मांजर चालेल. "सुतक तेरा दिवसांचं नाही, वर्षाचं!" नवरा म्हणाला. आम्ही कितीतरी दिवसांनी हसलो.

मग सफाई. फिनेलचा इथे उपयोग नाही, शिवाय ते मांजरांना विषारी. एक भाग ब्लीच, ३२ भाग पाणी, आणि दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. भजीची टोपली, गादी, लोकरीचा गुंडा टाकून दिला. ते सगळ्यात अवघड गेलं.

या काळात मी रात्री-बेरात्री नारिंगी मांजरांचे फोटो बघत बसायचे. त्यातच विन्स्टन चर्चिल यांच्या चार्टवेलच्या घराची गोष्ट सापडली. त्यांच्या लाडक्या बोक्याचं नाव जॉक. चर्चिल १९६५ मध्ये गेले. पण त्या घरात कायम नारिंगी, पांढऱ्या छातीचं, पांढऱ्या पायांचं मांजर असावं आणि त्याचं नाव जॉकच असावं, ही कुटुंबाची इच्छा. २०२० मध्ये तिथे सातवा जॉक आला! आधी मला हे फार गोड वाटलं. मग त्या सातव्याची दया आली. बिचारा जन्मभर दुसऱ्याच्याच नावाला ओ देणार.

त्यामुळे डिसेंबरात आमच्याकडे आली ती तीन वर्षांची, तिरंगी, भारदस्त बाई. आधीचं कुटुंब परदेशी निघालेलं, लसी सगळ्या झालेल्या. (तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून.) आमच्याकडे बघण्याची तिची नजर अशी, की 'काकू' याशिवाय दुसरं नाव शोभलंच नसतं.

काकूंना एक खोली दिली. वाटी, वाळूचा ट्रे, खोकं. मोठ्या मांजराला अख्खं घर एकदम दाखवलं तर ते बावरतं. आठवडाभर त्या पलंगाखाली. कामाच्या मावशी वाकून बघत आणि म्हणत, "ताई, हिचं पण माणूस गेलंय की. थांबा जरा." भजी गेल्याचं आम्ही धरून बसलो होतो. हिची अख्खी माणसं गेली होती, हे त्या म्हणेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

दहाव्या रात्री क्लायंटचा कॉल चालू असताना लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला, पलीकडून 'हॅलो, हॅलो', आणि माझ्या पायावर काहीतरी ऊबदार, वजनदार येऊन बसलं. कॉल संपला. त्यानंतरही पाऊण तास मी पाय हलवला नाही.