क्षमेचं कडवं

आसिसीचा फ्रान्सिस १२२५ च्या सुमारास सान दामियानोच्या लहानशा देवळापाशी आजारी पडून होता. डोळे जवळजवळ गेलेले, उजेड सोसवत नव्हता. अशा अवस्थेत त्याने सूर्याचं गाणं रचलं. तेही धर्मपंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, उंब्रियातल्या लोकांच्या बोलीत. सूर्य त्याचा भाऊ, चंद्र बहीण. वारा भाऊ, पाणी बहीण. विस्तवही भाऊच. आणि माती एकाच वेळी बहीण आणि आईसुद्धा.

एवढ्या गोतावळ्यात माणूस मात्र फार उशिरा येतो. सृष्टीतली ही भावंडं येऊन गेल्यावर. येतो तोही सृष्टीचा धनी म्हणून नाही, तर क्षमा करणारा आणि सोसणारा म्हणून. हे कडवं फ्रान्सिसने मागाहून जोडलं. आसिसीचा बिशप आणि नगराचा प्रमुख यांचं बिनसलं होतं. बिशपने त्याला धर्मबहिष्कृत केलं, त्याने बिशपशी कुणी व्यवहार करू नये अशी दवंडी पिटवली. फ्रान्सिसने आपले सोबती धाडले आणि दोघांसमोर हे गाणं म्हणायला लावलं. त्यानंतर दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली, असं त्याच्या चरित्रकथांत आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनावर परिपत्रक काढलं, त्याचं नाव या गाण्यातूनच घेतलं. पण माती-पाण्याच्या गाण्यात क्षमेचं काय काम, हे मला उमगलं ते वसईत.

आमच्या वाडीत बावखल होतं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, सावकाश मुरायचं. रहाट फिरायचा, केळी आणि पानवेली भिजायच्या. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. मुरेल तेवढंच उपसलं तर दोन्ही पाणी आपापल्या जागी राहतात. हाव धरली की खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. शहर वाढलं तसे पंप लागले, टँकर भरू लागले. हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा धर्मगुरू तिच्या अग्रभागी उभा राहिला. तरीही कित्येक बावखलं बुजलीच. आमचं वाटणीत चुलतभावाकडे गेलं होतं. त्याने भराव टाकला, वर इमारत उभी केली. त्याचंही खोटं नव्हतं. मुलीचं शिक्षण, बापाचं आजारपण, आणि वाडीत मजुरीसुद्धा सुटत नव्हती.

मिस्सेत शांतीची देवघेव होते तेव्हा तो नेमका पुढच्या बाकावरून वळतो. हात पुढे येतो. माझं जे दुखलं ते मी सोडून देऊ शकतो. पण बावखलातले बेडूक, खालच्या आळीतल्या विहिरी, अजून न जन्मलेली पोरं, यांच्या वतीने 'झालं गेलं विसरू' म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला?

पापकबुलीला गुडघे टेकणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की क्षमेबरोबर प्रायश्चित्तही येतं. चोरलेलं परत करावं लागतं. जक्कय जकातदार तर चौपट द्यायला निघाला. आणि लेवीय ग्रंथात एक विलक्षण नेम आहे. पन्नासावं वर्ष योबेलचं. गुलाम सुटतात, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परतते, त्या वर्षी पेरणी नाही. त्याची द्वाही फिरवणारं रणशिंग वाजतं प्रायश्चित्ताच्या दिवशी. माणसाला क्षमा आणि मातीला मोकळीक, दोन्ही एकाच दिवशी. एकीवाचून दुसरी पुरी होत नाही, असं त्या जुन्या नेमकर्त्याला वाटलं असावं. पुढच्याच अध्यायात ताकीद आहे: जमिनीला विसावा दिला नाहीत, तर तुम्ही परागंदा व्हाल आणि जमीन तेव्हा आपला राहिलेला विसावा भोगेल.

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं. लोकल थांबल्या, मिठागरात माणसं अडकली. त्याला देवाचा कोप म्हणणं मला पटत नाही. पाण्याच्या जागेवर भराव टाकला तर पाणी घरात येणारच. उताराला भाविक-अभाविक कळत नाही, कबुली ऐकून तो दिशा बदलत नाही. म्हणूनच जमिनीशी समेट शब्दांनी होत नाही. गाळ काढावा लागतो, नाले मोकळे करावे लागतात, उपसा कमी करावा लागतो. आणि ही कामं एकट्याने होत नाहीत. शेजारच्या वाडीवाल्याशी अबोला धरून दोघांच्या बांधावरचा नाला कसा साफ करणार? फ्रान्सिसच्या गाण्यातलं ते कडवं इथे कामाला येतं. माणसांतली तेढ सुटली नाही तर पाण्याच्या वाटा मोकळ्या करायला हात मिळत नाहीत.

भावाचा हात आता मी आढेवेढे न घेता धरतो. पण एकदा देवळाबाहेर त्याला स्पष्ट सांगितलं, "दादा, मनात काही ठेवलेलं नाही. पण पलीकडचं उरलेलं बावखल बुजवायला कुणी निघालं, तर हरकतीच्या अर्जावर पहिली सही माझी. मग तो माणूस तू असलास तरी."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "म्हणजे त्या रविवारी हात आधी पुढे करायची पाळी माझी."