पडला तिथूनच

गोल्फचा चेंडू हलत नाही. क्रिकेटमध्ये बोलर काहीतरी टाकतो, आपण त्याला उत्तर देतो. इथे चेंडू गवतावर गप्प बसलेला असतो आणि जी काही गडबड होते ती आपल्या मनगटात, मनात. सोलापुरातल्या खोलीत बसून आठवडाभर निफ्टीचे ऑप्शन घेणाऱ्या-विकणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार जड जातं. स्क्रीनवर बोट दाखवायला कुणीतरी असतंच: परदेशी गुंतवणूकदार, अमेरिकेतला व्याजदर, नाहीतर 4 जून 2024 सारखा लोकसभेच्या निकालाचा दिवस, जेव्हा निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला. मैदानावर कुणीच नाही.

एका जुन्या मित्रामुळे पुण्यात येरवड्याला गोल्फ खेळायला मिळतं, म्हणून बाजार बंद असलेल्या शनिवारी मी हुतात्मा एक्सप्रेस पकडतो. या गाडीला ज्यांच्यामुळे हे नाव मिळालं त्या सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्याच तुरुंगात फाशी झाली. सोलापूरच्या माणसाला ते विसरून तिथे पाऊल ठेवता येत नाही. आठवड्याचा तोटा त्या नावांपुढे आपोआप आपल्या खऱ्या मापाचा होतो.

चेंडू पडला तिथूनच मारायचा, हा या खेळाचा पाया. पण तो झुडपात अडकला तर 'आता खेळण्याजोगा नाही' हेही खेळाडूनेच ठरवायचं, एका फटक्याचा दंड घ्यायचा आणि नियमाने ठरलेल्या जागी चेंडू टाकायचा. हा बाजारातला स्टॉपलॉसच, म्हणजे ठरवलेल्या तोट्यावर सौद्यातून बाहेर पडणं, आणि तितकाच जिवावर येणारा. कारण झुडपातूनही एक फट दिसत असते. पडत्या पोझिशनमध्ये आणखी खरेदी करून ॲव्हरेज करणाऱ्याला हीच फट दिसते.

1999 च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्द शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले असते तरी विजेतेपद त्याचंच होतं. तो जपून खेळला नाही. चेंडू ओढ्यात गेला, तेव्हा बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला आणि तिथूनच मारता येईल का ते बघत राहिला. शेवटी दंड घ्यावा लागलाच. सात फटके लागले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. लोक व्हान द वेल्दला हसतात. मला मात्र त्या पाण्यात उभ्या माणसाबद्दल कळवळा वाटतो. बाजार नियामक सेबीच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्यांपैकी 93 टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. त्यातले कितीतरी असेच ओढ्यात उतरले असतील.

या खेळात खरं मोल मला चालण्याचं वाटतं. वाईट फटक्यानंतर पुढचा फटका लगेच मारताच येत नाही. दीड-दोनशे यार्ड चालावं लागतं, आणि तेवढ्यात राग विरत जातो. टर्मिनलवर तोट्यामागचा दुसरा सौदा एका सेकंदात होतो. सूड उगवायला एवढी सोय दुसरीकडे कुठे नसेल. म्हणून आता स्टॉपलॉस लागला की मी खुर्ची सोडतो, जिना उतरतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो, मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हातसुद्धा. तेवढ्यात कधी कधी चांगली संधी निघून जाते. मी ती जाऊ देतो.