तळे खुले आहे, असा ठराव झालेला आहे

चळवळीतले तरुण मला नेहमी विचारतात, "सर, सरकारच्या आत जाऊन काही बदलता येतं का?" आजवर मी या प्रश्नाला गोल गोल उत्तरे दिली. आज सरळ लिहितो, कारण त्यात माझीही एक चूक आहे.

काही वर्षे मी शासनाच्या एका विभागात डिजिटल पायाभूत सुविधांचा धोरण सल्लागार होतो. नेमणूक कंत्राटी, करार अकरा महिन्यांचा. सल्लागाराची सही कुठेच नसते, पण मसुदा बहुतेक वेळा त्याचाच असतो. योजनेचे पैसे कोणत्या वाटेने जातील, अर्ज कुठे अडेल, अडला तर कोणाला विचारायचे, हे त्या मसुद्यात ठरते. पूर्वी रस्ता, पाणी, वीज म्हणजे पायाभूत सुविधा. आता ओळखीसाठी आधार, पैशासाठी यूपीआय आणि थेट हस्तांतरण, कागदपत्रांसाठी डिजिलॉकर. आधारची सुरुवात तर २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावातून झाली. सर्वात वंचित माणसाला ओळख मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले.

आता माझी चूक. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. यातली मेख अशी, की नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत एका आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचे नाव असते. जी बँक शेवटी जोडली गेली, तिच्याकडे पैसे जातात. विद्यार्थ्याने अर्जात कोणते पासबुक जोडले याला मग अर्थ उरत नाही. म्हणून मी मसुद्यात एक परिच्छेद घातला होता: हप्ता पाठवण्यापूर्वी पैसे कोणत्या बँकेत जाणार हे विद्यार्थ्याला मराठीत कळवावे आणि चूक निघाली तर तालुक्याला एक जबाबदार अधिकारी असावा.

बैठकीत तो परिच्छेद वगळला गेला. "विलंब होईल, अंमलबजावणीच्या वेळी बघू," असे वरिष्ठ म्हणाले. मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यात माझ्या कराराचे नूतनीकरण होते.

त्यानंतरच्या भीमजयंतीला गावी गेलो. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी विहारात निळे झेंडे लावणे चालू होते. वस्तीतल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. "भाऊ, तुमी सरकारात कॉम्प्युटरचंच बघता ना? मग पोरीचे पैसे कुठं गेले, तेवढं बघा." मुलगी नर्सिंगला होती. कॉलेज फीसाठी परीक्षेचा अर्ज अडवत होते. पोर्टलवर मात्र रक्कम जमा झाल्याचे दिसत होते. तिथेच विहाराच्या पायरीवर बसून तिच्या मोबाईलवर आधार-बँक जोडणी तपासली. ज्या बँकेचे नाव आले, ते तिने कधी ऐकलेही नव्हते. मग आठवले, सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. त्यातच खाते उघडले गेले होते.

विभागाच्या डॅशबोर्डवर या मुलीचा व्यवहार हिरव्या रंगात होता. यशस्वी. पैसे तिच्या आधारवर पोहोचले, म्हणजे यंत्रणेचे काम झाले. वगळली गेलेली माणसे आकडेवारीत दिसतात तरी. ही मुलगी तर लाभार्थी म्हणून मोजली गेली होती आणि तिची परीक्षा अडली होती. मी गप्प बसलो त्या परिच्छेदाची किंमत ती मोजत होती.

मित्रांनो, हे आपल्याला नवे आहे का? १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही यशस्वी होते. प्रत्यक्षात तळ्यावर जायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर नगरपालिकेने ठरावच मागे घेतला आणि न्यायालयातली लढाई १९३७ पर्यंत चालली. सार्वजनिक असणे ही कागदावरची गोष्ट नाही. ती तळ्यापर्यंत कोण पोहोचला यावर ठरते.

आपल्यातले काही जण म्हणतात, ही डिजिटल व्यवस्थाच नाकारा. मला ते पटत नाही. पूर्वी शिष्यवृत्ती बाबूच्या टेबलावरून आणि संस्थाचालकाच्या हातून यायची, तेव्हा वाटेत काय व्हायचे हे आपल्या आईबापांना विचारा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोरे, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, जलमार्ग व सिंचन आयोग या कामांत ते होते. स्वस्त वीज हवी ती उद्योग वाढावेत आणि गरिबी हटावी म्हणून, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी यंत्र नाकारले नाही. यंत्र कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

पण तो प्रश्न विचारायला खोलीत माणूस तर हवा. सल्लागार कंत्राटावर येतात, तिथे आरक्षणाचे नाव नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये लॅटरल एन्ट्रीची ४५ पदांची जाहिरात आरक्षणाविना निघाली आणि विरोध झाल्यावर काही दिवसांत मागे घ्यावी लागली. ती निदान जाहिरात होती. सल्लागारांच्या नेमणुका तर कोणाला दिसतही नाहीत.

तर, आत जाऊन काही बदलता येते का? एकट्याने नाही. आत माणूस हवा आणि त्याच्या पाठीशी बाहेर चळवळ हवी. माझा परिच्छेद वगळला गेला तेव्हा बाहेर कोणाला त्याची खबरही नव्हती, कारण मीच कोणाशी बोललो नव्हतो.

म्हणून त्यातल्या मागण्या आणि तेव्हा न सुचलेल्या दोन आज इथे लिहितो. पैसे कुठे जाणार हे आधी मराठीत कळवा. अर्ज अडला तर कारण लेखी द्या. तालुक्याला नावानिशी जबाबदार अधिकारी नेमा. "यशस्वी" म्हणजे विद्यार्थ्याने पैसे मिळाल्याचे स्वतः सांगितले, अशी व्याख्या करा. नेमणारी एजन्सी कोणतीही असो, सल्लागारांच्या भरतीत आरक्षण लावा.

प्रत्येक वस्तीत दोन तरुणांनी मुलांची बँक जोडणी तपासून द्यावी. माहिती अधिकारात नावे नका मागू, तालुकावार अडलेल्या हप्त्यांची संख्या मागा. ती घेऊन समाजकल्याणच्या दारात बसा.

त्या मुलीचे पैसे मिळाले, पण परीक्षेचे एक सत्र गेले. ते मी परत देऊ शकत नाही.

जय भीम!