धुराची वाट

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी चुलीचा कोनाडा काळ्या दगडाचा होता. माळव्यात हा दगड पायाखालीच सापडतो. कोनाड्यात मातीची चूल, शेजारी वैल, वर ऐसपैस धुराडं. भात चुलीवर, वरण वैलावर. आजी फुंकणी घेऊन बसे आणि निम्मा धूर धुराड्याची वाट सोडून खोलीत फिरे. तिचे डोळे कायम लाल असत. त्याला दुखणं म्हणायची घरात पद्धत नव्हती.

चुलीतून निघणाऱ्या बाकी सगळ्याचा हिशेब होता. राखेनं भांडी निघत, उरलेली झाडांना जाई. ह्याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. 1931 साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात लाकडाच्या राखेलाही जागा आहे. धूर तेवढा बेहिशेबी.

वडिलांच्या काळात कोनाडा बदलला. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले. तिथली ‘मगन चूल’ एका खादीधारी नातेवाइकांच्या तोंडून आमच्याकडे पोचली. मिस्त्रीनं कोनाड्याचा दगड छिन्नीनं तासून बंद चुलीला जागा केली. मग धुराड्याचं तोंड चुन्यानं बुजवून पत्र्याच्या नळीपुरतं भोक ठेवलं. मला ते उफराटं वाटलं: वाट अरुंद केल्यावर धूर जाणार कसा? पण रुंद धुराड्यात थंड दगडाला लागून धूर निवतो आणि त्याची ओढ मरते. अरुंद नळीत तो गरम राहतो, म्हणून झपाट्यानं चढतो. नळी कौलांच्या आढ्याहून उंच नेली, नाहीतर वारा धूर परत खाली लोटतो.

वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला चूल दाखवत. “लाकूड किती कमी लागतं बघा!” वखारीचं बिल घटलं होतं, तेव्हा ते खरंच होतं. आईच्या डोळ्यांचा विषय त्या कौतुकात कधी निघाला नाही. तिनंही काढला नाही. तिची तक्रार होती ती निखाऱ्यांची. बंद चुलीत भाकरी निखाऱ्याला लावता येईना, निखाऱ्यांवर भाजायचे कणकेचे बाफले तर नाहीच. ते अंगणात गोवऱ्यांवर गेले आणि गंमत म्हणजे तिथे पुरुष हौसेनं बसू लागले. मोकळ्या हवेत धूर कुणाच्या वाट्याला येत नव्हता.

पुढे त्या कोनाड्यात रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस. तासलेला दगड प्रत्येकाला थोडा मोठा किंवा थोडा छोटा पडला. 1 मे 2016 ला बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातल्या बाईच्याच नावावर गॅसजोडणी मिळू लागली, तेव्हा मला आजी आठवली. धूर कोण गिळतं, हे सरकारी कागदावर यायला इतका काळ लागला.

परवा मुलाच्या फ्लॅटमध्ये विजेची चिमणी बसवायची होती. पाइप बाहेर काढायचा की जाळीत गाळलेली हवा घरातच सोडायची, यावर संध्याकाळभर खल झाला. मुलगा हटून बसला: भिंत फोडा, पण पाइप बाहेरच. भिंत फुटलीही. त्यांच्याकडे रोजची फोडणी तोच करतो.