पहिल्या दिवसाची काटकसर

तीस वर्षे आम्ही चॉसर शिकविला; तेव्हा लंडनात पोहोचताच आमची पावले वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेकडे वळली, यात नवल नाही. १४०० साली त्यास तेथेच मूठमाती मिळाली. परंतु दारावरील तिकिटाचा दर वाचला, मनातल्या मनात त्याचे रुपये केले, आणि खिशातला हात खिशातच राहिला! मुकाट्याने पायीच ब्रिटिश म्युझियम गाठले. तेथे प्रवेशास मोल नाही. आत आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट मांडलेले. आमच्या वाईवरून वाहत जाणाऱ्या कृष्णेच्याच काठचे हे वैभव. पण त्या काठी आम्ही जन्मात कधी गेलो नव्हतो! परक्यांचा कवी मोलाचा आणि आपले शिल्प फुकट, या विनोदाचे हसू आले खरे. पण ओठांवर येईतो ते ओशाळले.