राहुटीचे दार

माउली, आषाढीहून परतलो तेव्हा पाय सुजले होते. चार दिवस ओसरीवर बसून होतो. अमेरिकेत असणारा नातू सुटीवर आला होता. त्याने तिकडच्या एका कुटुंबाच्या वाटचालीची जुनी हकिकत मला वाचून दाखवली. चालणाऱ्याला चालणाऱ्याची गोष्ट लवकर कळते, म्हणून ती आपणापुढे ठेवतो.

हेन्री सेगर हा एका जागी न रमणारा गृहस्थ. ओहायो सोडून इंडियाना, तिथून मिसूरी, आणि तिथेही मन लागेना. पश्चिमेला ऑरेगनमध्ये चांगली जमीन मिळते असे कानावर आले. 1844 च्या वसंतात पत्नी नेओमी आणि सहा लेकरे घेऊन तो एका तांड्याबरोबर निघाला. बैल जोडलेली गाडी, वर जाड कापडाचे छत, आणि वाट सुमारे 3,200 किलोमीटरची. नेओमी पोटुशी होती. मे महिन्याच्या अखेरीस वाटेतच सातवे लेकरू, मुलगी, जन्मली.

पुढे नऊ वर्षांची कॅथरीन चालत्या गाडीतून उडी मारताना झग्याचा घेर कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकून पडली. चाक पायावरून गेले, पाय मोडला. मग ग्रीन नदीजवळ हेन्री तापाने गेला, आणि महिनाभरात नेओमीही गेली. दोघांना वाटेत माती देऊन तांडा पुढे निघाला. हिवाळ्याआधी डोंगर ओलांडायचे होते, थांबून चालणार नव्हते.

मागे उरली सात पोरकी लेकरे. थोरल्याला अजून मिसरूडही फुटलेले नाही. पण त्यांना कोणी वाटेत टाकले नाही. तान्हीला तांड्यातल्या बायांनी सांभाळले. तांड्याचे नायक विल्यम शॉ आणि त्यांच्या पत्नी यांनी बाकीच्यांना आपल्या पोरांत धरले. एका जर्मन डॉक्टरने त्यांची गाडी हाकली. शेवटी वायीलॅटपू येथे राहणाऱ्या मार्कस व्हिटमन या डॉक्टर धर्मप्रचारकाच्या घरी ती पोचली. व्हिटमन दांपत्याची एकुलती मुलगी दोन वर्षांची असताना नदीत बुडाली होती. त्यांनी सातही जणांना पोटाशी घेतले.

मी नातवाला म्हटले, "बाळा, इथेच थांब. गोष्ट गोड झाली."

तो म्हणाला, "आजोबा, अजून आहे."

ती भूमी केयूस लोकांची होती. दरवर्षी तांडे येत राहिले आणि 1847 मध्ये गोवर आला. केयूसांना त्या रोगाची सवय नव्हती. त्यांची जवळपास निम्मी माणसे गेली, लेकरे तर फार. व्हिटमन सगळ्यांनाच औषध देत, पण गोऱ्यांची मुले बहुतेक वाचत आणि केयूसांची मरत. डॉक्टर विष घालतो, असा संशय बळावला. 29 नोव्हेंबर 1847 रोजी काही केयूसांनी हल्ला केला. व्हिटमन पतिपत्नी मारले गेले, सेगरांचे दोन्ही मुलगेही. लहानगी लुईस त्याच दिवसांत गोवराने गेली. 1850 मध्ये पाच केयूसांना फाशी झाली. सेगरांच्या चार बहिणी उरल्या. त्यांतल्या कॅथरीनने पुढे ही हकिकत लिहून ठेवली.

तांड्यातली माणसे निर्दय नव्हती. दुसरीचे तान्हे पोटाशी धरणाऱ्या बाईला निर्दय कसे म्हणावे? पण त्यांची माया तांड्याच्या शेवटच्या गाडीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. जिथे आपण जमीन मागायला निघालो आहोत, तिथे आधीच कोणाची तरी चूल पेटलेली आहे, याचा विचार त्या मायेत मावला नाही.

आता माझे सांगतो. यंदा एका मुक्कामी रात्री पाऊस कोसळत होता. दुसऱ्या दिंडीतली, वाट चुकलेली एक म्हातारी आमच्या राहुटीच्या दाराशी आली. मी म्हणालो, "माउली, ही आमच्या दिंडीची राहुटी आहे. पुढे विचारा." तोंडाने माउली म्हणालो आणि हाताने पडदा ओढून घेतला. आत एकाच्या नव्हे, तिघांच्या निजण्याइतकी जागा होती.

ती कुठे निजली, मला ठाऊक नाही. पायांची सूज उतरली, ही बोच उतरत नाही. पुढच्या वारीत शरीर चालले तर राहुटीच्या दाराशी मीच निजेन. कोणी आले तर पडदा माझ्या हाताने उघडायचा आहे.