मागच्या बाजूची खूण



उपासनेनंतर चहा घेताना आम्हा दोघांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "विश्वासी माणसांच्या घरात ही दागिन्यांची पेटी कशाला?" प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो आणि तो रास्तही आहे. कसर आणि जंग यांचा इशारा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. म्हणून आज जरा सविस्तर उत्तर देतो.

पेटीत नऊ नग आहेत. चार कडी, तीन अंगठ्या, एक पेंडंट आणि पट्ट्याचे एक बक्कल. मुलीकडे अमेरिकेत, ॲरिझोनाला जाणे होई, तेव्हा ते एकेक करून जमले. सगळे काम होपी लोकांच्या हातचे आहे. होपी हे तिथले मूळ रहिवासी. ॲरिझोनाच्या ईशान्य भागात तीन उंच पठारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी त्यांची गावे आहेत. ओराइबी हे गाव तर शेकडो वर्षे अखंड वसलेले आहे. पाऊस अगदी थोडा, तरी त्यावर मका पिकवून ही माणसे टिकून राहिली.

चांदीकाम त्यांच्याकडे तसे उशिरा आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुनी शेजाऱ्यांकडून ते शिकले. त्या काळातले दागिने म्हणजे जाड चांदी आणि त्यात बसवलेला फिरोजा. नावाहो आणि झुनी कारागिरांचे कामही तसेच दिसे, आणि मागे बहुधा शिक्का नसे. त्यामुळे आज तो नग कोणाच्या हातचा, हे जाणकारालाही सांगणे कठीण जाते. आमच्याकडच्या दोन अंगठ्या अशाच आहेत. करणाऱ्याचे नाव हरवले, काम तेवढे उरले.

पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाने, विशेषतः मेरी-रसेल फेरेल कोल्टन यांनी, होपी कारागिरांना सुचवले की तुमच्या मडक्यांवरची, टोपल्यांवरची, विणकामातली नक्षी चांदीत आणा. मध्ये महायुद्ध आले. युद्धावरून परतलेल्या होपी जवानांसाठी १९४७मध्ये सरकारी योजनेतून वर्ग सुरू झाला. नक्षी शिकवायला चित्रकार फ्रेड काबोती आणि चांदीकाम शिकवायला पॉल सॉफकी. त्यातूनच १९४९मध्ये होपी सिल्व्हरक्राफ्ट को-ऑपरेटिव्ह गिल्ड ही कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली.

त्यांची पद्धत अशी. चांदीचे दोन पत्रे घ्यायचे. वरच्या पत्र्यातून बारीक करवतीने नक्षी कापून काढायची. मग तो खालच्या पत्र्यावर झाळून बसवायचा. कापलेल्या जागेतून दिसणारा खालचा पत्रा गंधकाच्या द्रावणाने काळा करायचा आणि वरची बाजू घासून उजळायची. काळ्या-पांढऱ्यात पाणी, ढग, मका, अस्वलाचे पाऊल उमटते. अशा कामात फिरोजा क्वचित असतो, असला तर एखादाच खडा.

आम्ही मात्र दागिना हाती आला की आधी उलटा करतो. मागे कारागिराची खूण असते, बरेचदा त्याच्या कुळाचे चिन्ह. गिल्डमधून आलेल्या नगावर सोबत सूर्याचे चिन्हही असते. बाजारात नकली माल पुष्कळ आहे. पांढरा हाऊलाइट दगड निळा रंगवून फिरोजा म्हणून खपवतात. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे अमेरिकेत १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी ती विकली जातेच. खूण वाचता येऊ लागली की फसगत टळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती वस्तू एका माणसाच्या हातून आली, हे विसरता येत नाही.

एकदा एका विक्रेत्याने फिरोज्याच्या मण्यांची जुनी माळ दाखवली. किंमत परवडणारी होती. कुठून आली विचारले, तर सहज म्हणाला, "जुन्या थडग्यातून." आम्ही ती परत ठेवली आणि निघालो. जे विकण्यासाठी घडवले ते घ्यावे. जे मृताबरोबर ठेवले, जे देवकार्यासाठी घडवले, ते विकत मिळत असले तरी आपले होत नाही.

हे आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे. एच. आर. व्होथ नावाचे मेनोनाइट मिशनरी १८९३मध्ये ओराइबीला गेले. सुवार्ता सांगता सांगता त्यांनी होपींच्या विधींची छायाचित्रे काढली आणि विधीच्या वस्तूही मोठ्या संख्येने जमवल्या. त्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेल्या. अनेक होपींना ते मुळीच रुचले नाही. प्रभूचे नाव घेऊन गेलेला माणूस शेजाऱ्याच्या पवित्र वस्तू उचलतो, तेव्हा शेजाऱ्याला त्या नावाची कोणती ओळख होते? आणि आठवावे हेही, की २०१३मध्ये पॅरिसला अशाच पवित्र वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा ॲनेनबर्ग फाउंडेशनने २४ वस्तू बोली लावून घेतल्या त्या परत देण्यासाठी. त्यांतल्या २१ होपींच्या होत्या. घेण्याचा हाही एक प्रकार आहे.

चार्ल्स लोलोमा या थोर होपी कारागिराने कड्यांच्या आणि अंगठ्यांच्या आतल्या बाजूला फिरोजा आणि इतर खडे बसवले. जगाला ते दिसत नाहीत, घालणाऱ्यालाच ठाऊक असतात. त्यांचे काम विकत घेण्याची आमची ऐपत नाही, म्युझियममध्ये पाहूनच मन भरले. आपली भक्तीही अशी आतून जडवलेली असावी, असे तेव्हा वाटले.

इथे बेळगावात ओळखीच्या सोनाराला आम्ही एक कडे दाखवले. त्याने ते तराजूत टाकले आणि मोडीचा भाव सांगितला. त्याचे चुकले नाही, त्याचा धंदाच वजनाचा. पण त्या दिवशी घरी येऊन आम्ही प्रत्येक नगासोबत एक चिठ्ठी ठेवली: खूण कोणती, कुठे घेतला, किती दिले. मुलांना सांगून ठेवले आहे, "गरज पडली तर विका, पण चिठ्ठीसकट विका. मोडीत घालू नका." आम्ही या पेटीचे मालक नव्हे, कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो.

या आठवड्यात आपल्या घरातली एखादी वस्तू उलटी करून पाहा. ती कोणाच्या हातची आहे आणि आपल्यापर्यंत कशी आली, हे स्वतःला विचारा. उत्तर आठवले तर त्या हातांसाठी प्रार्थना करा.

प्रभू आपणा सर्वांना विश्वासू कारभारी करो.